होल्मथॉर्पच्या मनोऱ्यातलं सातवं टोपडं

ऑड्री पिकरिल यांनी एकतीस वर्षं होल्मथॉर्पच्या शाळेत मुलांना रांधून घातलं. आज गावात चाळिशी-पन्नाशीचे जे बाप्ये छाती काढून हिंडतात, त्यांतल्या एकेकाला या बाईंनी उकडलेला कोबी संपवल्याशिवाय बाकावरून उठू दिलेलं नाही. तेव्हा बाईंच्या तोंडी लागायला सहसा कोणी धजत नाही. चर्चचे पाद्री त्यांना वचकून असतात, आणि पाद्रींचा कुत्रा तर बाई दिसल्या की कोणी न सांगताच खाली बसतो.

बाई एकाहत्तरच्या. उंची बेताची, गुडघे कुरकुरे, आवाज मात्र चर्चच्या सहाव्या घंटेशी सोयरीक सांगणारा. ती सहावी, सगळ्यांत जाडी घंटा त्यांचीच. सत्तेचाळीस वर्षं बाई तिचा दोर ओढत होत्या.

लिंकनशरचा तो मुलूख पोळपाटासारखा सपाट. कोबी, फ्लॉवर, बटाटे, आणि त्या सगळ्यात उंच म्हणावा असा एकच तो मनोरा. वर सहा घंटा. त्यांचे सहा दोर छताच्या भोकांतून खालच्या खोलीत उतरतात आणि सहा माणसं गोल करून उभी राहतात. एकामागून एक ठोका द्यायचा, मग बाईंनी हाक दिली की क्रम बदलायचा. ताकदीचं काम नाही ते. नजरेचं आहे. दुसऱ्याचा हात कधी खाली येतो ते पाहून आपला दोर सोडायचा. नजर हटली की ठोका हुकला. म्हणजे एकमेकांवर रुसून घंटा वाजवता येतात, पण एकमेकांकडे न बघता नाही येत. गावात ही सोय दुसरीकडे कुठेच नव्हती.

कोणी वारलं की घंटेच्या आतल्या लोखंडी लोळ्याला एका बाजूने चामड्याचं टोपडं बांधायचं. मग एक ठोका मोकळा पडतो आणि दुसरा रजईखालून आल्यासारखा. गावातलं शेंबडं पोरसुद्धा तो आवाज ऐकून विचारतं, "कोण गेलं?"

ही टोपडी बाईंच्या नवऱ्यानं शिवलेली. लेनर्ड खोगीर-लगाम शिवायचा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानेच खोलीच्या भिंतीवर सहा खिळे मारले, खाली एक ते सहा आकडे रंगवले. अंत्यविधी आटोपला की टोपडी उतरवून आपापल्या खिळ्यावर टांगायची. खिळे भरले की घंटा मोकळ्या. हा नियम बाईंचा, आणि त्यात कधी चूक झाली नाही, हेही बाईच सांगायच्या. जरा जास्तच वेळा सांगायच्या.

आता बाकीचे पाच. पहिल्या घंटेवर हिलरी विन, निवृत्त मास्तरीण. दुसरीवर क्लाइव्ह डॉबनी, निवृत्त पोलीस. सगळं गाव त्याला साहेब म्हणे, थोडं मानाने आणि बरंचसं गमतीने, कारण तीस वर्षांच्या नोकरीतला त्याचा सर्वांत मोठा शोध म्हणजे एक चोरीला गेलेलं गवत कापायचं यंत्र. तिसरी-चौथीवर सिरिल आणि वॉल्टर टॅपलिन, सख्खे भाऊ, शेजारीशेजारी राहणारे. आणि पाचवीवर बोझेना. ही पोलंडची. अकरा वर्षं गावाबाहेरच्या शेडमध्ये फ्लॉवर पॅक करत होती. रात्रपाळी करून यायची आणि मंगळवारच्या सरावाला खसखशीचा केक घेऊन हजर. तिचे वडील तिकडे लुब्लिनजवळच्या खेड्यात चर्चचं घड्याळ चालवायचे, म्हणून इथल्या मनोऱ्याच्या घड्याळाला किल्ली द्यायचं कामही बाईंनी तिलाच दिलं होतं. दर शुक्रवारी सकाळी सहाला ती येई, आपल्याजवळच्या चावीने मनोरा उघडी, घड्याळाला पीळ देई आणि घरी जाऊन झोपे. बोझेना एकदा म्हणाली होती, "ऑड्रीबाई, गावात मला सगळे विचारतात, कुठली तू. इथे फक्त विचारतात, कितवी तू. मी सांगते, पाचवी."

मग आलं ते सार्वमत. युरोपच्या संघात राहायचं की निघायचं. गावाचे दोन तुकडे झाले, राहणारे आणि निघणारे. हिलरीबाईंनी खिडकीत युरोपचा निळा झेंडा लावला. टॅपलिन बंधूंपैकी वॉल्टरनं दारात 'निघा'ची पाटी ठोकली, तर सिरिलनं दोघांमधलं झुडपांचं कुंपण कापायचंच सोडलं. जूनपर्यंत ते इतकं वाढलं की भावाला भावाचं छप्परसुद्धा दिसेना. क्लाइव्हसाहेब मतदानाला स्वतःचं पेन घेऊन गेला, कारण तिथल्या पेन्सिलीची खूण कोणी खोडली तर? आणि ऑड्रीबाई? राजकारण ओल्या छत्रीसारखं खालच्या पायरीवर ठेवून वर यायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी मत कोणाला दिलं हे कोणालाच ठाऊक नाही. दोन्ही बाजूंना मात्र खात्री होती की बाई आपल्याच.

मतदान गुरुवारी. बुधवारी म्हाताऱ्या स्नीथचा अंत्यविधी होता, तेव्हा टोपडी बांधून वाजवलं. त्यात पाचव्या टोपड्याचा पट्टा तुटला. बाईंनी ते टोपडं घरी नेऊन त्याच संध्याकाळी शिवलं, गुरुवारी सकाळी खिळ्यावर टांगलं, बाकीची टोपडी उतरवून टांगली, आणि मत द्यायला गेल्या. शुक्रवारी निकाल लागला. निघणारे जिंकले. शनिवारी कसायाच्या दुकानात रांगेतली माणसं पहिल्यांदाच मुकी उभी होती.

आणि रविवार उजाडला.

सहा जणांनी दोर धरले. "पहिली निघते, निघाली!" हिलरीबाईंनी नेहमीचा इशारा दिला आणि दोर खेचला. पहिली फेरी खणखणीत झाली. दुसऱ्या फेरीला एक, दोन, तीन, चार, आणि पाचवीच्या जागी ढप्प. मग सहावी. पुन्हा सगळ्या खणखणीत. पुन्हा ढप्प.

बोझेनाचा चेहरा पांढराफटक. बाई ओरडल्या, "थांबा!" पण जड घंटा थांबायलाही वेळ घेतात. तेवढ्यात खाली फाटकापाशी माणसं वर बघत उभी राहिलीच. कसाई डग म्हणाला, "कोण गेलं?" त्यावर कोणीतरी म्हणालं, "देश गेला म्हणतायत वरचे." झालं. दुपारच्या जेवणाआधी गावभर झालं की चर्चने निकालाचं सुतक पाळलं.

क्लाइव्हसाहेब गुडघ्यांना वंगण असल्यासारखा शिडीवर चढला. खाली आला तो रुमालात काहीतरी गुंडाळून. "टोपडं," तो म्हणाला. "पाचवीच्या लोळ्याला, व्यवस्थित बांधलेलं. कोणी हात लावायचा नाही."

"बघू," बाईंनी हात पुढे केला.

"पुरावा आहे, ऑड्री." रुमाल त्याच्या खिशात गेला. मग त्याने भिंतीकडे बोट केलं आणि आवाज खाली आणला. "आपली सहाच्या सहा खिळ्यांवर आहेत. मोजा. म्हणजे हे सातवं. कोणीतरी मुद्दाम आणून बांधलंय."

सगळ्यांनी मोजलं. सहा. बाईंनी दोनदा मोजलं. हिलरीबाई म्हणाल्या, "काय बघताय माझ्याकडे? दुःख झालंय मला, ते खिडकीत लावलंय. घंटेला कशाला बांधू?"

"तुझ्याकडे बघितलंच कोणी?" वॉल्टर म्हणाला.

"तूच बघत होतास!"

"मी सिरिलकडे बघत होतो."

"दोर हातात नसताना, दोन महिन्यांत पहिल्यांदाच," सिरिल म्हणाला.

बाईंच्या जिवाला घोर लागला. त्यांचा मनोरा, त्यांचे खिळे, त्यांची माणसं. सहांतला एक जरी रुसून गेला तरी हा गोल मोडणार, आणि या गावात नवा घंटावाला घडवायला दोन वर्षं लागतात. एकाहत्तराव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे उधारीचा माल. तेव्हा चोर शोधायचा, त्याचे कान उपटायचे आणि बाकीच्यांना पुन्हा दोर धरायला लावायचं, असं बाईंनी ठरवलं. शाळेत खिडकीबाहेर फेकलेला कोबी कोणाचा हे आपण पोरांच्या नुसत्या तोंडाकडे बघून ओळखायचो, याचा त्यांना अभिमान होता.

सोमवारी त्या हिलरीबाईंकडे गेल्या. चहा आला, लिंबाचा केक आला. बाईंची नजर शिवणाच्या टोपलीवर.

"चामडं शिवतेस का गं कधी?"

"ऑड्री, मी मोजेसुद्धा विकत आणते." हिलरीबाईंनी कप बशीत आदळला. "तुला सांगू, हे क्लाइव्हचंच काम. स्वतः बांधायचं, स्वतः शोधायचं आणि खापर आमच्यावर. शिडीवर कसा धावत गेला पाहिलंस? वर काय आहे हे त्याला आधीच ठाऊक होतं."

बाईंना ते पटलं. घरी जाताना वाटेत सिरिल भेटला; तो म्हणाला, वॉल्टर बुधवारी चामड्याचा पट्टा घेऊन चालला होता. तेही पटलं. कोपऱ्यावर वॉल्टर भेटला. तो म्हणाला, तो पट्टा कुत्र्याचा, पण सिरिलच्या शेडमध्ये आठवडाभर दिवा कशाला जळतो ते विचारा. तेही पटायला लागलं, तेव्हा बाईंना स्वतःचाच राग आला.

क्लाइव्हसाहेबाकडे तर सगळं टेबलावर मांडलेलं होतं. मनोऱ्याचा नकाशा, बाणाबिणांसकट. शेजारी खाकी पाकीट, चिकटपट्टी लावलेलं, चिकटपट्टीवर साहेबाची सही.

"उघड की," बाई म्हणाल्या. "बघू तरी दे ते कसलं टोपडं आहे."

"सगळ्यांसमोर उघडणार. तसाच कायदा असतो." त्याने नकाशावर पेन टेकवलं. "आता असं बघ. गुरुवारी सकाळी तू टोपडी उतरवलीस?"

"उतरवली. खिळे भरले म्हणजे भरले. उलट पाचव्याचा पट्टा तुटला होता तोसुद्धा मी घरी शिवून आणला. एवढी काळजी या गावात कोण घेतं सांग."

"कोणी नाही," साहेबाने मान्य केलं, आणि तेही टिपून ठेवलं. "म्हणजे गुरुवारी दुपार ते रविवारी सकाळ, एवढ्यात घडलं. चाव्या किती? एक तुझी. एक पाद्रींची, ते गुरुवारपासून शनिवारपर्यंत बहिणीकडे होते. आणि एक?"

बाई नकाशावरचा एक बाण बोटाने पुसायला लागल्या.

"शुक्रवारी सकाळी सहा वाजता, निकाल नुकताच लागलेला असताना, मनोऱ्यात एकटं कोण होतं, ऑड्री? आणि टोपडं कितव्या घंटेवर होतं?"

"ती बिचारी घड्याळाला किल्ली द्यायला येते."

"बिचारी आहे म्हणूनच. तिच्या जागी मी असतो तर मीही बांधलं असतं," साहेब अगदी मायेने म्हणाला, आणि बाईंच्या मनात नेमकं तेच रुतलं. रागावून म्हणाला असता तर त्यांनी झटकून टाकलं असतं.

त्या दिवसापासून बाई बोझेनाकडे वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागल्या. तीच पोर, तोच केक, पण आता प्रत्येक गोष्टीला शेपूट फुटलं. ती गप्प का? मन खात असेल. ती हसली का? लपवत असेल. मंगळवारी केक नेहमीपेक्षा मोठा होता. हा का मोठा?

गावही मागे नव्हतं. डग कसायाने तिला सॉसेज बांधून देताना दात काढत विचारलं, "मग, निघायचं कधी?" रांगेतली दोन माणसं हसली. एक बाई छताकडे बघायला लागली. बोझेना म्हणाली, "आधी सॉसेज संपवते." ऑड्रीबाई तिच्यामागे तिसऱ्या होत्या. डगला शाळेत त्यांनी तीन वर्षं जेवायला घातलेलं. एक खाकरल्या असत्या तरी तो गारठला असता. पण त्यांच्या मनात आलं, हिनेच बांधलं असलं तर? आणि त्या खाकरल्या नाहीत. स्वतःला दोन चॉप मागितले, आणि घरी आल्यावर ते न शिजवताच ठेवून दिले.

दोन रविवार घंटा वाजल्या नाहीत. पाद्रींना लोकांनी विचारलं, तर ते म्हणाले ऑड्रीला विचारा. ऑड्रीला विचारायची कोणाची टाप नव्हती. तेव्हा लोकांनी आपापली उत्तरं तयार केली. कोणी म्हणालं, राहणाऱ्यांनी संप केलाय. कोणी म्हणालं, पोलिश बाईने दोर कापले. कसायाच्या बायकोनं तर कापलेला दोर डोळ्यांनी पाहिला होता.

जुलैच्या दुसऱ्या मंगळवारी साहेबाने सगळ्यांना मनोऱ्यातल्या दोरांच्या खोलीत बोलावलं. संध्याकाळचे साडेसात, बाहेर लख्ख ऊन, आणि आत सहा माणसं भिंतीला पाठ लावून, दोरांना हात न लावता. साहेबाने सगळी हकीकत वाचून दाखवली, अगदी "सदर घंटा" वगैरे म्हणत. शेवटी म्हणाला, "मी कोणावर आरोप करत नाही. फक्त एक चावी परत द्यावी, एवढी विनंती. सगळ्यांच्या मनाच्या शांतीसाठी."

"सगळ्यांच्या म्हणजे तुझ्या," हिलरीबाई फिसकारल्या, पण हळूच.

कोणी नाव घेतलं नव्हतं. बोझेनाने गळ्यातली दोरी काढली, दोरीतली चावी काढली आणि बाकावर ठेवली. मग आपलं हातपुसणं घडी करून पिशवीत भरलं. ते दोन वर्षं तिथल्याच खुंटीवर असायचं. चावीपेक्षा ते हातपुसणं बाईंना जास्त लागलं.

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "आधी पाकीट उघड, साहेबा. कायदा असतो ना?"

साहेबाने चिकटपट्टी कापली. टोपडं बाकावर पडलं. काळपट, जुनं, तेलानं मऊ झालेलं. बाईंनी चष्मा नाकावर चढवला, टोपडं हातात घेतलं, उलटं केलं.

आत हिरवा दोरा होता. मेण लावलेला, दुहेरी टाक्याचा. दर सातव्या टाक्याला एक बारीक गाठ. असा टाका अख्ख्या परगण्यात एकच माणूस घालायचा, आणि तो त्यांच्या शेजारी तेहतीस वर्षं झोपायचा.

तेव्हा बाईंच्या डोळ्यांपुढे बुधवार उभा राहिला. वरच्या घंटाघरात त्या वाकलेल्या, टोपडं बांधतायत. खालून दोरांच्या भोकांतून साहेबाचा आणि हिलरीचा भांडणाचा आवाज येतोय, "तुम्ही लोक" आणि "तुम्ही लोक." बाई खाली तोंड करून ओरडतायत, "गप्प बसा, खाली प्रेत यायचंय!" आणि त्याच झटक्यात पट्टा तुटतो. बाजूला विजेरी धरून बोझेना. ती तेलाच्या डब्याशेजारची जुनी लाकडी पेटी उघडते, आतून एक टोपडं काढून देते. लेनर्डने पहिल्यांदा नमुन्याला शिवलेलं. बाई रागाच्या भरात तेच बांधतात आणि तुटलेलं खिशात कोंबतात.

गुरुवारी शिवलेलं टोपडं पाचव्या खिळ्यावर गेलं. मग वरून बाकीची पाच काढून आणली; पाचवा खिळा भरलेलाच, म्हणून पाचव्या घंटेकडे वळल्याच नाहीत. सहा खिळे भरले. घंटा मोकळ्या.

आता बाईंना एक सोपी गोष्ट करता आली असती. टोपडं पाकिटात घालायचं, "छे, ओळखीचं नाही" म्हणायचं आणि घरी जायचं. सत्तेचाळीस वर्षांचा लौकिक शाबूत. चावी बाकावर होतीच. बाईंनी त्या चावीकडे बघितलं. मग साहेबाकडे. आणि खरं सांगायचं तर दारापर्यंतचं अंतरही डोळ्यांनी मोजलं.

"हे लेनर्डचं आहे," त्या म्हणाल्या. "आणि बांधलं मी."

"काय?" चार तोंडांतून एकदम.

बाईंनी सगळं सांगितलं. पट्टा, पेटी, पाच आणि एक सहा. त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या घंटेसारखा बारीक येत होता. "मी खिळे मोजले. घंटा मोजल्याच नाहीत. शेण खाल्लं, दुसरं काय."

आता तुम्हाला वाटेल, सगळ्यांचे डोळे पाणावले. छे. साहेबाने खालचा ओठ पुढे काढला, मान हलवली आणि म्हणाला, "मोठं मन आहे तुझं, ऑड्री."

"मन कसलं? विसरले मी!"

"तू? विसरलीस?" साहेब कीव आल्यासारखा हसला. "सत्तेचाळीस वर्षांत नाही, आणि नेमकं त्या आठवड्यात? पोरीला पाठीशी घालतेयस, कळतं आम्हाला. म्हणजे तूही त्यांच्यातलीच निघालीस."

"मला तर वाटतं ती तुलाच पाठीशी घालतेय," हिलरीबाई साहेबाला म्हणाल्या. "ऑड्री, तू 'निघा'वर खूण केलीस ना? खरं सांग."

बाईंनी एकेकाचं तोंड पाहिलं. दोन आठवडे ज्यांना त्या आपल्या चष्म्यातून बघत होत्या, ते सगळे आता तोच चष्मा घालून त्यांच्याकडे बघत होते. पंधरा दिवस सगळ्यांना खोट्यावर विश्वास ठेवायला काही अडचण आली नव्हती. खरं आलं तर मात्र त्याला जामीन मागत होते.

साहेब नकाशा गुंडाळून निघाला. "चावी परत मिळेपर्यंत दुसरी घंटा बंद," एवढं दारातून म्हणाला. वॉल्टर गेला, सिरिल गेला, दोघांमध्ये तीन पायऱ्यांचं अंतर ठेवून. हिलरीबाई सर्वांत शेवटी गेल्या, वळून वळून बघत.

बोझेना पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत उभी होती.

"तुला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

"पेटीतून मीच काढून दिलं होतं, ऑड्रीबाई."

"मग बोलली का नाहीस गं पोरी? पहिल्याच दिवशी?"

"कोणाला सांगू? साहेबांना?" बोझेनाने खांदे उडवले. "मी म्हटलं असतं, ऑड्रीबाईंनी बांधलं. मग सगळे म्हणाले असते, बघा, स्वतः करते आणि म्हातारीवर ढकलते. आत्ता तुम्ही स्वतः सांगितलंत, तरी कोणाला पटलं?"

"मला तर सांगायचंस."

बोझेनाने बंद बोटावरून सोडवला. "सांगणार होते. सॉसेजच्या दुकानात. मागे वळले, तर तुम्ही खाली बघत होतात."

बाई बाकावर बसल्या. मग त्यांनी चावी उचलून पुढे केली.

"घड्याळ शुक्रवारी थांबेल," त्या म्हणाल्या. "आणि यापुढे टोपडी उतरवल्यावर तपासायचं काम तुझं. खिळे मोजायचे नाहीत. वर जायचं आणि सहाही लोळ्यांना हात लावून बघायचा. मी बांधलेलं असलं तर दोनदा."

बोझेनाने चावी लगेच घेतली नाही. बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, घंटेवाली समोरच्याचा हात बघते तशी. मग घेतली. हातपुसणं मात्र पिशवीतच राहिलं. ते बाईंनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाई कसायाच्या दुकानात गेल्या. काही घ्यायचं नव्हतं. भरल्या रांगेत उभं राहून त्यांनी टोपड्याची हकीकत मोठ्याने सांगितली, सहाव्या घंटेच्या आवाजात. मग म्हणाल्या, "आणि डगलस, तू त्या पोरीला कधी निघायचं ते विचारलंस. त्याच दिवशी मी खाकरायला हवं होतं. आज खाकरते." आणि खाकरल्या. डगच्या हातून सुरी पडली. बाई गेल्यावर दुकानात दोन तट पडले ते वेगळंच. निम्म्यांच्या मते बाईंना कोणीतरी धमकावलं होतं. उरलेल्यांच्या मते वय झालं, दुसरं काय.

रविवारी सव्वानऊला बाई पायऱ्या मोजत मनोऱ्यात चढल्या. वर बोझेना आधीच होती, पाचवीच्या दोराशी. मग हिलरीबाई आल्या. "मला तुझं अजून पटलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि पहिल्या दोराखाली उभ्या राहिल्या. सिरिल आला. सिरिल आलेला दिसला म्हणून वॉल्टर आला. भाऊ एकटा वर काय बोलेल याचा भरवसा नव्हता.

साहेब आला नाही. साडेनऊ झाले.

"पाचच वाजवू," हिलरीबाई म्हणाल्या. "दुसरी सोडून द्या आणि पुढे सरका. कोणाला कळणार नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "दुसरीची जागा मोकळी सोडायची. एक ठोका थांबायचं, मग तिसरी."

"भोक पडेल ना मध्ये, ऑड्री! दात पडलेल्या तोंडासारखं ऐकू येईल."

"येऊ दे."

बोझेना सकाळीच वर जाऊन सहाही लोळ्यांना हात लावून आली होती. तरी बाईंनी "बघितलंस?" विचारलं नाही. किती कठीण गेलं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पहिली वाजली. मग काहीच नाही. मग तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. पुन्हा पहिली, पुन्हा भोक. वॉल्टरला वेळ साधायला भावाच्या हातांकडे बघावं लागत होतं, आणि तो कपाळाला आठ्या घालून बघत होता.

खाली फाटकापाशी माणसं थांबली. "हा कसला नवा निषेध?" कोणीतरी विचारलं. "दुसरी म्हणजे कोण?" "निघणाऱ्यांची असेल." "नाही हो, राहणाऱ्यांनी मुद्दाम गाळली." डग कसायाने बायकोकडे बघितलं आणि तिला दंडाला धरून आत नेलं.

आणि चार घरं पलीकडे क्लाइव्ह डॉबनी आपल्या हिरवळीवर कात्री घेऊन उभा होता. पहिली वाजली की त्याचे दोन्ही हात आपोआप वर जात होते. मग तो ते रागाने खाली आणी, आणि मनोऱ्याकडे डोळे बारीक करून बघे. ही जागा आपल्याला टोमणा म्हणून सोडली आहे की बोलावणं म्हणून, याचा त्याला काही केल्या पत्ता लागेना. घरात जाऊन त्याने वही आणली, पेन आणलं, स्वतःचंच. पण लिहायचं म्हटलं की तेवढ्यात पहिली वाजे, आणि हात पुन्हा वर.